विमानांचं गाऱ्हाणं

इकडे ये गो, अशी जवळ बस. तू तिकडे मुंबईत आणि मी इथे पडवीत, हे मला कळतं. पण लिहिताना माणसाला समोर बसवल्याशिवाय माझा हात चालत नाही. आणि आधी तुला थोडं बोलणार आहे, ते मुकाट ऐकून घे. परवा फोन केलास, पेपरात आपल्या जुन्या कंपनीबद्दल परत काहीबाही आलंय म्हणालीस, आणि विचारलंस, "मोठी आई, ही कंपनी नक्की बुडवली कुणी?" मी गॅस बारीक करून, हात पुसून, खुर्ची ओढून बसते तोवर तू म्हणालीस, लिफ्टमध्ये शिरतेय, नंतर बोलू. झालं, ठेवून दिलास. असलं लिफ्टमध्ये विचारतात होय गो? या प्रश्नावर आपल्या घरातली दोन माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

तुला विचारायचं होतं ते खरं वेगळंच होतं, हे मला समजलं. तुझे बाबा गणपतीला घरी का येत नाहीत, हे तुला विचारायचं होतं. कंपनीचं नाव काढलं की तुमच्या घरी टीव्हीचा आवाज मोठा होतो, हे तुझ्या आईने मला सांगितलंय. दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं वाण्याच्या पुडीच्या कागदावर आणि वाचनालयात वाचून आलेलं. शब्द इकडचे तिकडे झाले तर हसू नकोस.

तुला आठवत असेल तसं नाही, पहिल्यापासून सांगते. आमचे हे, म्हणजे तुझे मोठे बाबा, कंपनीच्या हँगरात इंजिनांवर कामाला होते. सरकारची कंपनी, देशाची कंपनी. तिथे लागणं म्हणजे आमच्या गावात एखाद्याला देवस्थानाचा मान मिळण्यासारखं होतं. मागाहून ह्यांनीच खटपट करून तुझ्या बाबांना तिथे लावलं. भावजी शिकलेले, इंग्रजी चांगलं, म्हणून त्यांना तिकिटांच्या ऑफिसात घेतलं. एकाचे कपडे मी सोडा घालून उकळायचे तरी काळे, आणि दुसऱ्याचे तुझी आई निळीत बुडवायची. आमच्या सासूबाई गावात सांगत फिरायच्या, "एक झील विमान दुरुस्त करता, दुसरो तेच्यात माणसां भरता. उडवणारो तेवढो परको."

सासूबाईंच्या गुडघ्यावर कंपनीची ती छोटी शाल असायची, विमानात प्रवाशांना पांघरायला देतात ती. कुणी दिली होती देव जाणे. कंपनीचं कॅलेंडर गावातल्या अर्ध्या भिंतींवर असायचं, आणि ते आम्ही पोचवायचं. नाही पोचलं तर पौष महिन्यात माणसं रस्त्यात तोंड फिरवायची. आंब्याच्या दिवसांत सुट्टीला गावी आलो की तर विचारू नकोस. कुणाचा जावई दुबईला, कुणाचा मुलगा दिल्लीला, पेट्या आणून आमच्या ओट्यावर ठेवायच्या आणि म्हणायचं, तुमचंच विमान आहे. विमान जसं काही आमच्या मांगरात गुरांशेजारी बांधलेलं होतं, आणि संध्याकाळी सोडायचं.

मी त्यात एकदाच बसले. कर्मचाऱ्याच्या बायकोला पास मिळायचा. ह्यांनी विमान सुरू होताना माझा हात धरला आणि कान देऊन ऐकत राहिले. मला वाटलं, घाबरले. तर म्हणाले, "गप. डाव्या बाजूचा ऐकतंय." सबंध प्रवासभर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. मीच बघत होते, ढग, आणि मध्येच एकदा खाली समुद्राची कड. तुझ्या मोठ्या बाबांचं त्या कंपनीशी नातं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग दिवस बदलले. कसे बदलले ते मी सांगू शकत नाही, मला दोन भावांच्या तोंडून जेवढं ऐकू आलं तेवढंच ठाऊक. हे सांगायचे, सुटे भाग येत नाहीत, एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायचं, म्हणजे एक उभं आणि एक उडतं. भावजी सांगायचे, वरून हुकूम येतो, अमक्या मोठ्या माणसाला जायचंय, तेव्हा तमक्याची सीट काढा, आणि ज्याची काढली तो काउंटरवर येऊन भावजींना शिव्या देतो. मुंबईत तेव्हा एकत्रच राहायचो, दोघे रात्री जेवायला बसले की आपापलं ताट घेऊन हेच. मी आणि तुझी आई वाढायचो आणि वाट बघायचो, कधी एकदा दुसरा विषय निघतोय.

हे निवृत्त झाले आणि आम्ही गावी आलो. भावजी अजून नोकरीत होते. कंपनीच्या बातम्या आता पेपरातून यायच्या. तिठ्यावरच्या सलूनात रोज बैठक. केस कापणारा म्हणायचा, मंत्र्यांनी खाल्ली. निवृत्त मास्तर म्हणायचे, कर्मचारी जास्त, कामं कमी, युनियनने खाल्ली. एक जण म्हणायचा, विमानंच नको तेवढी घेतली. दुसरा म्हणायचा, नव्या स्वस्त कंपन्या आल्या, त्यांनी गिऱ्हाईक पळवलं. आणि सगळे झाल्यावर ह्यांच्याकडे बघायचे, कारण गावात कंपनी म्हणजे हेच. एकदा मासळीवाली मला दारात बसून विचारते, "तुमच्या घोवाच्या विमानाक काय झाला गो?" मी म्हटलं, सरकार विकतंय. ती बांगडे मोजता मोजता म्हणाली, "मगे दुसरा घेवा." मला हसू आलं. आत जाऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांना आलं नाही. त्या दिवसापासून ह्यांनी सलून सोडलं, दाढी घरीच करायला लागले.

आणि मग कंपनी खरंच विकली गेली. त्या वर्षीचा गणपती. तू परीक्षेमुळे आली नव्हतीस, म्हणून तुला हे कुणी सांगितलेलं नाही.

आपल्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी बांधतात, ते तू बघितलंयस. गणपतीच्या डोक्यावर ती लाकडी चौकट, तिला आंब्याच्या डहाळ्यांचे टाळ, नारळ, काकड्या, कवंडळं, रानातली फळं-फुलं बांधायची. आपल्या घरात पहिल्यापासून रीत अशी, की उजवी बाजू थोरल्याची आणि डावी बाजू धाकट्याची. ज्याची त्याने बांधायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, फक्त नावं ठेवायची. दरवर्षी दोघे स्टुलावर उभे राहून एकमेकांच्या गाठींना नावं ठेवायचे. त्या वर्षीही तशीच सुरुवात झाली. भावजी म्हणाले, "दादा, गाठ घट्ट मार. हँगरातल्यासारखी नको. तुमची माणसां दुपारची पत्ते कुटीत बसत, आणि विमान उशिरा सुटला की शिव्यो आमका."

हे नारळ बांधता बांधता म्हणाले, "आणि तुमच्या हापिसातली? सायबाच्या मेवण्याक खिडकेकडची सीट दिल्याबिगर विमान हलत नाय होता."

मी आणि तुझी आई खाली बसून करंज्यांचं सारण करत होतो. आम्ही हसलो. पहिल्यांदा हसण्यासारखंच होतं गो. मग भावजी म्हणाले, युनियनच्या सभेला टाळ्या कोण वाजवायचं, दर वेळी संप कोण करायचं. हे म्हणाले, रिकामी विमानं भरलेली दाखवून वर कागद कोण पाठवायचं. भावजी म्हणाले, आम्ही वरच्यांच्या हुकमाचे ताबेदार. हे म्हणाले, मग आम्ही कोण होतो, मालक? तुझी आई मला कोपराने ढोसून म्हणाली, "वैनी, ह्या शालीन बुडवली कंपनी," आणि सासूबाईंची ती जुनी शाल देव्हाऱ्याच्या मागे घडी करून ठेवली होती तिच्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, सगळे हसतील. कुणी हसलं नाही. माटवी बांधून झाली तेव्हा दोन्ही बाजू चांगल्या भरल्या होत्या, पण मग एकानेही दुसऱ्याच्या बाजूला आणखी नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, आरती झाली, आणि गाऱ्हाणं घालायची वेळ आली. मुंबईत वाढलेल्या पोरांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार एवढंच वाटतं, म्हणून सांगते. घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, गुराढोरांची राखण, सगळं देवाच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली सगळी पुरुषमाणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागच्यांनी व्हय म्हटलं की ते एकट्याचं बोलणं राहत नाही, सगळ्या घराचं होतं. आणि एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. चुकीचं काही बोललं गेलं तर त्याच माणसांना परत देवापुढे उभं करून माफी मागावी लागते.

ह्यांच्या गाऱ्हाण्यात नोकरीला लागल्यापासून एक वाक्य ठरलेलं होतं. निवृत्त झाल्यावरसुद्धा ते त्यांनी सोडलं नाही. "आमच्या कंपनीची जी काय विमानां आसत, ती सुखान वर जावंदेत आणि सुखान खाली येवंदेत रे म्हाराजा." ह्या वाक्याला भावजींचा "व्हय" सगळ्यात मोठा असायचा. शेजारपाजारची माणसं नव्याने आली की जरा चमकायची, देवाला विमानांचं काय सांगतायत म्हणून. मग त्यांनाही सवय झाली.

त्या वर्षी हे त्या वाक्यापाशी आले. ते म्हणाले, सगळ्यांनी व्हय म्हटलं. मग थांबले. मला वाटलं संपलं, मी पाया पडायला वाकणार, तेवढ्यात ह्यांनी पुढचं उचललं. "आणि जेनी कोणी आमची कंपनी बुडवल्यान, तेका तू बघून घे रे म्हाराजा."

शेजारच्यांना काय, सवयीने बोलले. शेजारची पोरं तर ओरडलीच, "व्हय म्हाराजा." पण माझ्या बाजूला उभ्या असलेल्या तुझ्या बाबांच्या तोंडातून आवाज आला नाही. मी बघितलं, त्यांचे हात जोडलेले होते आणि ओठ मिटलेले होते. ह्यांनाही पाठीमागून तो एक आवाज कमी पडलेला कळला असणार, इतकी वर्षं कानात बसलेला. पण हे वळले नाहीत. पुढची वाक्यं घाईघाईने म्हणून मोकळे झाले.

जेवणं झाल्यावर भावजी पडवीत आले आणि अगदी हळू बोलले, "दादा, ह्या गाराणा तू माझ्यार घातलंस?"

हे तेव्हा नाही रे, एवढं म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ह्यांनी पानाला चुना लावला आणि म्हणाले, "जेनी बुडवल्यान नाय, तेका व्हय म्हणूक कित्याक भीती?"

भावजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. गणपती मखरात असताना घरातलं माणूस निघून जाणं आपल्याकडे कधी झालेलं नव्हतं. तुझी आई जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, आणि करंज्या डब्यात तशाच राहिल्या.

त्यानंतर आजपर्यंत भावजी आलेले नाहीत. पहिल्या वर्षी म्हणाले, सुट्टी नाही. मग म्हणाले, गाडीचं रिझर्व्हेशन नाही. इतकी वर्षं लोकांना रिझर्व्हेशन देणाऱ्या माणसाला रिझर्व्हेशन मिळत नाही, यावर मी काय बोलू?

मी ह्यांना मागे लागले. एक दिवस काजूच्या बिया सुकत घातल्या होत्या, तिथे बसून हे मला म्हणाले, "माका तेका म्हणूचा नव्हता. माका वरच्यांका म्हणूचा होता."

मी म्हटलं, "मगे तसा सांगा तेंका. फोन करा."

तर म्हणाले, "गाराणा कोणी फोनार घालता? देवासमोर बोललंय, ता देवासमोरच फिरवूक होया." आणि तिथून उठून गेले. आता सांग, अशा माणसाला काय करायचं. ह्यांचंही खोटं नाही. ज्यांच्या व्हयने ते गाऱ्हाणं बांधलं गेलं, ती माणसं परत एका जागी उभी राहिल्याशिवाय ते सुटायचं कसं? शेजारची सगळी आहेत. कमी एकच आहे, आणि तो व्हय न म्हणणारा.

कंपनी कुणी बुडवली, हे तू विचारलंस. मला खरंच ठाऊक नाही गो. इतकी वर्षं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मंत्र्यांनी असेल, साहेबांनी असेल, युनियनने असेल, पास घेणाऱ्या आमच्यासारख्यांनीही थोडी असेल. आमच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढतात, सगळी वाडी त्याच्या दोन दोरांना लागते. जाळं रिकामं आलं तर दोन्हीकडची माणसं एकमेकांना हवं ते बोलतात, पण सकाळी परत त्याच दोराला येतात, कारण घरी चूल पेटायला हवी. ह्या दोघांना सकाळी परत ओढायला दोरच राहिला नाही. म्हणून संध्याकाळचं भांडण तसंच राहिलं, असं मला आपलं वाटतं. चूक असेल.

आता आपल्या जिल्ह्यातही विमान येतं. आवाज आला की हे बोलता बोलता गप्प होतात, मान तिरकी करतात, आवाज पार मालवणच्या बाजूला विरेपर्यंत तसेच. ते विमान ह्यांच्या कंपनीचं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तुझी आई फोनवर म्हणाली, भावजीसुद्धा गॅलरीत उभे राहून बघतात, आणि हे विमान कुठलं, किती वाजताचं, हे पुटपुटतात. आम्ही दोघी जावा थकलो गो. माझ्याच्याने एकटीने आता नारळ किसवत नाहीत, गौरीची भाजी निवडायची म्हटली तरी पाठ धरते. तुझ्या आईचे हात असायचे तेव्हा गप्पांत काम कधी संपायचं कळायचं नाही.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगते आणि थांबते. ह्यांना मध्ये बरं नव्हतं, आवाज पार बसला. तरी गाऱ्हाणं मीच घालणार म्हणाले. गुरं झाली, पोरंबाळं झाली, आजारपणं झाली, आणि हे विमानांच्या वाक्यापाशी आले. "आमच्या कंपनीची," एवढं म्हणाले आणि थांबले. कंपनी आता आमची कुठली, म्हणून थांबले, की दुसरं काही आठवलं, मी विचारलं नाही. मागची माणसं ताटकळली. वाक्य पुरं झाल्याशिवाय व्हय तरी कुठे म्हणायचं? शेवटी मी म्हटलं. बायका म्हणत नाहीत आमच्यात, पण मी मागून मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग सगळ्यांनी म्हटलं. हे खाली बसले. संध्याकाळी मला एवढंच बोलले, "गाराणा अर्दा रवला."

परवा हे माळ्यावरून माटवीची चौकट काढून पुसत होते. डाव्या बाजूची दोरी कुजली होती. गेली सगळी वर्षं ती बाजू शेजारचा येऊन चार टाळ बांधून जातो, अगदी लंगडी दिसते. मी म्हटलं, आणा, मी दोरी बदलते. तर ह्यांनी चौकट माझ्या हातातून काढून घेतली. "ही बाजू तेची," म्हणाले. "रवांदे." आणि नवी दोरी आणून तिचं वेटोळं करून त्या बाजूला नुसती अडकवून ठेवली. बांधली नाही.

ह्यापेक्षा जास्त हा माणूस काही बोलणार नाही, हे मला आता कळून चुकलंय. तुझे बाबाही बोलायचे नाहीत. म्हणून मी तुला लिहिते. त्यांना हे वाचून दाखव, किंवा नको दाखवू, नुसतं दोरीचं सांग. कंपनी कुणी बुडवली ते मात्र विचारू नकोस. गाडीत तर मुळीच विचारू नकोस, नाहीतर पनवेलला उतरून परत जातील.

परसातल्या वेलावर काकड्या धरल्यात, दोन मी तशाच ठेवल्यात, डाव्या बाजूसाठी. माटवी चतुर्थीच्या आदल्या दिवशी बांधायची असते, तेव्हा चतुर्थीला येऊन उपयोग नाही. दोन दिवस आधीच निघा. आईला सांग, किसणी तिची तिने आणावी, माझीला धार नाही. आणि तू बाबांच्या शेजारच्या सीटवर बस गो, आणि घेऊनच ये. लवकर ये.